रजईतला फोन

आमच्या जयपूरच्या घरमालकांसमोर ‘आज फार उकडतंय’ असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारत, ‘किती?’ आकडा सांगता आला नाही तर गप्प बसत, आणि ते गप्प बसणं असं असे की आपण काहीतरी खोटं बोललो असं वाटावं. मी विम्याच्या कचेरीतला माणूस, आकड्यांशी माझं वैर नाही. तरी त्यांच्याकडे राहायला लागल्यावर जिन्यातला थर्मामीटर बघितल्याशिवाय उन्हाळ्याबद्दल तोंड उघडायचं नाही ही सवय मलाही लागली. तो त्यांनी भिंतीवर, कधीच ऊन लागणार नाही अशा जागी टांगला होता. वर जाणाऱ्यानं तो वाचून जावं अशी त्यांची अपेक्षा असे. भाडेकरारात तसं लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

बदली होऊन मी जयपूरला गेलो तेव्हा बनी पार्कात, स्टेशनपासून फार लांब नाही अशा जागी, त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही घेतला. खाली ते एकटे. मूळचे वर्ध्याकडचे. हवामान खात्यात होते आणि नोकरीचा बराचसा काळ सांगानेरच्या विमानतळावर वाऱ्याच्या, तापमानाच्या नोंदी घेण्यात गेलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते मला विमासाहेब म्हणायचे. इतकी वर्षं जयपुरात काढल्यामुळे त्यांचं मराठी हिंदीत कालवलेलं होतं. प्रश्नाचं उत्तरसुद्धा ते ‘मतलब’ म्हणून सुरू करत.

माझी बायको दुपारच्या शाळेत शिकवायला जायची. एका सुट्टीच्या दिवशी तिला गच्चीवर पापड वाळत घालायचे होते. घरात हवामान खात्याचा माणूस आहे, म्हणून तिनं त्यांना विचारलं, ‘काका, आज आंधी येईल का हो?’

‘मतलब, बेटा, अंदाज सांगणारे वेगळे. मी नोंद घेणारा. येऊन गेली की विचार.’

तिनं पापड घातले. संध्याकाळी आंधी आली आणि पापड शेजारच्या दोन-तीन गच्च्यांवर वाटले गेले. बायको डोळ्यांतली वाळू पुसत खाली आली तर काका दारात उभे होते. त्यांनी तिला वाऱ्याचा वेग सांगितला. त्यात चेष्टा नव्हती. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता त्यांच्याजवळ होतं, म्हणून दिलं.

‘निरीक्षण आधी, मत मागून’ हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ऑफिसात एका दाव्यावर मी ते नकळत बोलून गेलो आणि साहेबांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

दुसरा त्यांचा नियम दुपारचा. दोन ते चार ते जगात नसत. सरकारनं माझ्या रात्री घेतल्या, त्या मी दुपारी परत घेतो, असं म्हणत. उजव्या कानानं त्यांना चांगलं ऐकू यायचं, डाव्यानं जवळजवळ नाही. म्हणून झोपताना चांगला कान उशीत आणि वाईट कान जगाकडे. पण त्या काळात क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन भर दुपारी सुरू झाले होते आणि ते वाईट कानालाही ऐकू जायचे. त्यावर काकांनी उपाय काढला. दोनला पाच मिनिटं कमी असताना ते फोन एका छोट्या जयपुरी रजईत गुंडाळत. लाल फुलांच्या छापाची, लहान मुलाच्या मापाची रजई होती ती. मग ते गाठोडं आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवून दार लावत. तार बाहेर यावी म्हणून कपाटाच्या फळीला भोक पाडलेलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, ‘काका, वायर काढून का नाही ठेवत?’

ते दुखावल्यासारखे झाले. ‘चालू उपकरण बंद करायचं नसतं, विमासाहेब. आपण झोपायचं, उपकरणानं नाही.’

हेच कॉम्प्युटरच्या बाबतीत. मुलानं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला होता, पत्रं पाठवायला आणि नातीचे फोटो बघायला. इंटरनेट टेलिफोनच्याच तारेवरून यायचं. तार भिंतीतून आधी कॉम्प्युटरच्या मोडेममध्ये आणि तिथून आतल्या खोलीत फोनकडे गेलेली. जोडताना किरकिर, शिट्ट्या असा आवाज यायचा, तो काका मान तिरकी करून उजव्या कानानं पूर्ण ऐकत. मशीन पूर्ण बंद करायचं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून मुलानं ते झोपवायला शिकवलं. एक बटण दाबलं की पडदा काळा, पंखा शांत, कळ दाबली की पुन्हा जागं. हे काकांना फार आवडलं. दोन वाजता फोन गुंडाळायचा, कॉम्प्युटर झोपवायचा, मग स्वतः. ‘चल, भैया, सो जा,’ असं त्याला म्हणताना मी त्यांना ऐकलेलं आहे.

तो कॉम्प्युटर एका हिवाळ्यात दुपारी आपोआप उठायला लागला.

काका चारला बाहेरच्या खोलीत येत तेव्हा पडदा उजळलेला आणि पंखा घरघरत असायचा. रोज नाही. दोन दिवस सलग व्हायचं, मग तीन दिवस काही नाही, मग पुन्हा एकदा. त्यांनी मला बोलावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता, कारण जे दिसतंय त्यामागचं कारण त्यांना दिसत नव्हतं. मला कॉम्प्युटरमधलं ऑफिसात लागतं तेवढंच कळतं. मी म्हटलं, माउसला धक्का लागत असेल. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. स्टेशन जवळ, मालगाडी गेली की टेबल थरथरतं, टेबलाबरोबर माउस. त्यांनी माउस उताणा करून ठेवला. मेलेल्या झुरळासारखा तो पाय वर करून पडलेला असायचा. कॉम्प्युटर तरी उठला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं, ही त्यांची पद्धत. पुढे टेबल भिंतीपासून दूर सरकवलं. मग कीबोर्डवर पाटी पालथी घातली, पाल चालत असेल म्हणून. मग राजा पार्कातल्या एका दुकानातून मेकॅनिक आणला. तो म्हणाला, ‘अंकलजी, सब वोल्टेज का खेल है,’ आणि एक दणकट स्टॅबिलायझर बसवून गेला. तो मात्र चोवीस तास गुणगुणायचा, त्यामुळे पंख्याचा आवाज झाकला गेला आणि निरीक्षणात अडथळा आला असं काकांचं मत पडलं. कॉम्प्युटर उठतच राहिला.

मला रविवारी सुट्टी. म्हणून दोन-तीन रविवार मी दुपारी खाली जाऊन त्याच्यासमोर पेपर वाचत बसलो. आत काका झोपलेले. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. एकही रविवार तो उठला नाही. चारला काका बाहेर येत, माझ्याकडे बघत, मी मान हलवायचो. ‘साप्ताहिक सुट्टी घेतो,’ ते म्हणायचे. पहिल्यांदा मी हसलो. तिसऱ्यांदा मला हसू आलं नाही. मला खरोखर कळेनासं झालं होतं की या घरात नेमकं कोण जागं होतं आणि कोण झोपतं.

आता यात एवढं काय, एक जुनं मशीन अधूनमधून सुरू होतं, असं कुणीही म्हणेल. पण काका रविवारी रात्री मुलाशी फोनवर बोलत आणि सगळं सांगत. लपवणं त्यांना जमत नसे. एकदा दूध उतू जाऊन पातेलं जळलं, तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. कॉम्प्युटरचं ऐकून मुलगा म्हणाला, ‘बाबा, ते आपोआप नाही उठत. तुम्ही झोपवायला विसरता.’ आणि मुलाकडेही त्याची निरीक्षणं होती. तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून अधूनमधून घरी फोन करायचा, वडील बरे आहेत ना म्हणून. फोन नुसता वाजत राहायचा. रविवारी विचारलं की काका म्हणत, झोपलो होतो, ऐकू आलं नाही. रजईचं ते बोलत नसत. लपवणं जमत नसे म्हटलं, पण विचारलं नाही तर सांगायचं नाही एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिलेली होती.

जळलेलं पातेलं, ऐकू न येणारा फोन आणि आपोआप उठणारा कॉम्प्युटर, या तिन्हींची मुलानं बेरीज केली. वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही. घर विकायचं, त्यांना पुण्याला न्यायचं. यात वाईट हेतू काहीच नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. तो चांगला मुलगा होता.

काकांना पुणं नको होतं. तिथल्या पावसाळी हवेत माझी हाडं मला ऐकू येतात, असं ते म्हणत. पण घाबरले होते ते हवेला नाही. एके संध्याकाळी जिन्याशी, थर्मामीटरकडे बघत, ते मला म्हणाले, ‘विमासाहेब, मी त्याला झोपवतो. मला आठवतं, झोपवल्याचं. पण समजा, मतलब, आठवतं ते कालचं असेल तर?’

मीही थर्मामीटरवरचा आकडा वाचला.

मुलगा रजा टाकून आला. पुढं काय करायचं हे तो ठरवूनच आला होता. सुनेचा स्वैपाक, नातीची शाळा, पुण्यातली हवा, सगळं तो नीट बोलला. काका म्हणाले, ‘आधी बघ. तू स्वतः बघ.’ मग तो लागोपाठच्या दुपारी बाहेरच्या खोलीत बसून राहिला. दोनला काकांनी त्याच्यादेखत कॉम्प्युटर झोपवायचा आणि आत जायचं. मी ऑफिसातून आलो की विचारायचो. एकदाही उठला नाही. त्याआधीच्या आठवड्यात तो इतक्यांदा उठला होता की काकांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं होतं, आणि मुलगा घरात आल्यापासून एकदाही नाही.

मुलानं मला जिन्यात गाठलं. ‘साहेब, तुम्ही रोज बघता. खरं सांगा, तुम्ही तो कधी आपोआप सुरू झालेला पाहिलाय?’

मी म्हटलं, नाही. पाहिला नव्हता. पण काकांना विसरतानाही मी कधी पाहिलेलं नाही, हेही म्हटलं. त्यानं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलं की नाही, सांगता येत नाही. खालच्या दारात काका उभे होते. माझी मान खाली गेली, तर तेच म्हणाले, ‘बरोबर आहे. पाहिलं नाही ते सांगायचं नाही.’

त्या रात्री जेवताना त्यांनी मुलाला होकार दिला. मुलानं मला नंतर सांगितलं ते वाक्य असं होतं: ‘दोन उपकरणं वेगळं दाखवत असतील तर एक बिघडलेलं असतं. दोघांत जुनं मी आहे.’

दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसला सुट्टी होती. दुपारी गर्दी कमी म्हणून मुलगा तिकिटं काढायला स्टेशनवर गेला. बायकोनं केलेला शिरा घेऊन मी खाली गेलो तर काका जागे होते. अडीच वाजत आले होते आणि ते जागे होते. जमिनीवर बसून जुना बॅरोमीटर वर्तमानपत्रात गुंडाळत होते. सवयीनं फोन रजईत गुंडाळून कपाटात ठेवलेला आणि कॉम्प्युटर झोपवलेला. फक्त स्वतः झोपायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मी वाटी टेबलावर ठेवली. मीही वर्तमानपत्राचं एक पान घेऊन घड्या घालायला लागलो.

पंखा घरघरला. पडदा आधी राखी झाला, मग निळा.

माउस उताणा पडलेला होता. आम्ही दोघं जमिनीवर, टेबलापासून चांगले लांब. गाडी गेलेली नव्हती.

‘पाहिलंत?’ काकांनी अगदी हळू विचारलं.

‘पाहिलं.’

बॅरोमीटर त्यांनी मांडीवरून खाली ठेवला. इतक्यात माझा मोबाइल वाजला. मुलाचा होता. तो म्हणाला, ‘साहेब, बाबा फोन उचलत नाहीयेत. सोमवारचं तिकीट नाही मिळत, मंगळवारचं चालेल का विचारता?’

मी विचारलं, ‘तुम्ही घरी फोन केलात? कधी?’

‘आत्ता. मतलब, आत्ताच, या सेकंदाला ठेवला.’

मी काकांकडे पाहिलं. मला ते सगळं एकदम कळलं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसलं की तारेचं एक टोक कपाटाच्या भोकात जातंय आणि दुसरं त्या उजळलेल्या खोक्याच्या मागे. मी मोबाइलवर म्हटलं, जरा थांबा आणि पुन्हा एकदा घरी लावा. काकांनी उठून बटण दाबलं. पडदा काळा झाला. या वेळी त्यांनी ‘सो जा’ म्हटलं नाही. कपाटाच्या आतून, रजईच्या आतून, कुठंतरी चिमणी अडकल्यासारखा आवाज आला आणि कॉम्प्युटर उठून बसला.

कुणीही दुसरा माणूस इथं थांबला असता. काका म्हणाले, ‘एका निरीक्षणावर मत नाही. पुन्हा लावायला सांगा.’ पुन्हा लावला. पुन्हा उठला. मग ते म्हणाले, आता लावू नकोस म्हणावं, मी झोपवतो आणि बघतो. तोही प्रयोग झाला. झोपून राहिला. मग आणखी एकदा लावायला सांगितलं. मोबाइलमधून मला खिडकीवरची भांडणं ऐकू येत होती. ‘अरे भाईसाहब, टिकट लेना है या फोन ही करना है?’ असं कुणीतरी म्हणत होतं. शेवटी रांगेतला मुलाचा नंबर गेला आणि मागचा माणूस खिडकीपाशी पोचला. तिकिटं निघालीच नाहीत.

तो घरी आला तेव्हा काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते. टेबलावर रजईतलं गाठोडं आणून ठेवलेलं. मुलानं ते उलगडलं. आत फोन. तो फोनकडे नाही, रजईकडे बघत राहिला. लाल फुलं, कडेला उसवलेली शिलाई.

‘ही माझी आहे?’

‘तुझीच. तुला झोपवायला आईनं घेतली होती. आता फोनला झोपवतो.’

मुलगा खाली बसला. बराच वेळ तो मला आणि वडिलांना आलटून पालटून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. मतलब, मी फोन केला की तो उठायचा? मी रविवारी करत नाही म्हणून रविवारी नाही? आणि मी इथं होतो म्हणून इथं असताना नाही? काका प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होते. क्रेडिट कार्डवाल्या मुलींचाही नेमका त्या दिवसांत फोन आला नव्हता, एवढंच. मुलाची बेरीज चुकली नव्हती, तिन्ही आकडे खरे होते. पण त्यातले दोन त्याचे स्वतःचे होते, हे त्याला मांडून दाखवायची माझ्यावर वेळ आली नाही. त्याचं त्यालाच ते दिसलं असावं. कारण मग तो म्हणाला, ‘तुम्ही विसरता असं मला म्हणू कसं दिलंत, बाबा?’

‘तुझ्याजवळ पुरावा होता. माझ्याजवळ नव्हता.’

नंतर मुलानं कॉम्प्युटरमध्ये कुठंतरी खोल जाऊन ती जागा शोधली. एक छोटा चौकोन होता. फोनची घंटी आली तर मशीनला जागं करायची परवानगी मोडेमला दिलेली, आणि चौकोनात बरोबरची खूण. ती कुणी केली हे कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा पहिल्यापासूनच होती. तो खूण काढायला गेला तसा काकांनी त्याचा हात धरला.

‘राहू दे. कुणाचा फोन येऊन गेला ते कळत नाही, पण आला होता एवढं कळतं.’

मुलगा एकटाच पुण्याला परत गेला. स्टॅबिलायझर मात्र मेकॅनिकनं परत घेतला नाही.

तेव्हापासून काकांना नवा उद्योग लागला. चारला उठायचं आणि पडदा उजळलेला असेल तर ज्यांच्या फोनची शक्यता आहे त्या सगळ्यांना फोन करून विचारायचं, ‘तुझा होता का?’ एकदा त्यांनी मला ऑफिसात विचारलं तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होतो. मी नाही म्हटलं तर म्हणाले, ‘मग तो क्रेडिट कार्डचा असणार,’ आणि समाधानानं फोन ठेवला. ज्या फोनसाठी त्यांनी रजई शोधून काढली होती त्याच फोनची ते आता वाट बघत होते की काय, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

माझी कोल्हापूरला बदली झाली. तिथून मी कधीमधी त्यांना फोन करायचो, आणि तोही मुद्दाम दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसातला सोबती एकदा म्हणाला, कधीच कुणी उचलत नाही तर कशाला लावता? त्याला काय सांगणार? कुणी उचलायचं नाही हेच बरोबर होतं. मी सहा-सात घंट्या वाजू द्यायचो. तिकडे कपाटात चिमणी, बाहेर पंख्याची घरघर, निळा पडदा, आणि आत वाईट कान जगाकडे करून झोपलेले काका. मग चार वाजून गेले की माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. ‘विमासाहेब, तुमचा होता का?’ मी हो म्हणायचो. ‘किती आहे तिकडे?’ मी आधीच बघून ठेवलेलं तापमान सांगायचो. संभाषण बहुतेक वेळा एवढंच.

असं काही वर्षं चाललं. मग एका दुपारी मी नेहमीसारखा फोन लावला आणि दुसऱ्याच घंटीला तो उचलला गेला. म्हणजे त्या दिवशी तो कुणी रजईत गुंडाळलेला नव्हता.

पलीकडून ‘हॅलो’ आलं. आवाज मुलाचा होता. घड्याळात पावणेतीन झाले होते.